सम-विषम पार्किंग की एकदिशा मार्ग?

मालवणसारख्या अरुंद बाजारपेठेत सम-विषम तारखांचे पार्किंग बरे की एकदिशा वाहतूक, असे एका दुकानदार स्नेह्यांनी विचारले. खर्च दोन्हींचा मुख्यतः फलकांचाच. सम-विषममध्ये एक कडा मोकळी राहते. पण साधारण पावणेदोन मीटर रुंदीची मोटार दुसऱ्या कडेला लागली की समोरासमोर आलेली एसटी आणि मासळीचा टेम्पो यांपैकी एकाला मागे यावेच लागते, आणि तारीख विसरणारे पर्यटक असतातच. एकदिशा मार्गाने ही कोंडी सुटते, मात्र चार घरांपलीकडच्या दुकानासाठीही रिक्षाला वळसा पडतो. मागे समांतर रस्ता असेल आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागत असेल, तर एकदिशा मार्गच स्वीकारावा. तसा रस्ता नसेल तिथे सम-विषम, तेही रोज दंड करणारा पोलीस मिळणार असेल तरच.