लवकर सुटणारा आर्बर: होल सॉमध्ये अडकलेली चकती खरोखर सुटते का?

लाकडी दारात गोल कुलपासाठी ५४ मिमीचे छिद्र पाडायला जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ होल सॉच्या (ड्रिलला लावायची, कपासारखी दातेरी गोल करवत) पोटात रुतून बसलेली, कापून निघालेली चकती बाहेर काढण्यात जातो, हे ज्याने चार दारे केली आहेत त्याला वेगळे सांगायला नको. कपाच्या बाजूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून रेटले की चकती एका अंगाने उचलली जाते आणि दुसऱ्या अंगाने आणखी घट्ट बसते. मग कप फिरवून दुसऱ्या खाचेतून तोच उद्योग करावा लागतो. तेवढ्यात हात निसटला, तर दाते बोटांची वाट पाहतच असतात. या कसरतीला कंटाळून मी बायमेटल (दोन धातू जोडून केलेल्या) कपांच्या संचासाठी लवकर सुटणारा आर्बर, म्हणजे कप ड्रिलला जोडणारा दांडा, घेतला, आणि गेले आठ महिने लाकूड, प्लायवुड, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) व पातळ पत्रा यांवर तो वापरून झाल्यावर त्याबद्दल लिहीत आहे. याच धर्तीचे आर्बर अनेक कंपन्या बनवतात आणि माझे बहुतेक म्हणणे रचनेबद्दल आहे, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही.

साध्या आर्बरवर कप थेट आट्यांनी बसतो. ३० मिमीपर्यंतच्या कपांना १/२ इंची आटे असतात, ३२ मिमीपासून पुढे ५/८ इंची, आणि मोठ्या आर्बरला कपाच्या तळातील भोकांत शिरणाऱ्या दोन खुंट्याही असतात. लवकर सुटणाऱ्या प्रकारात कपाच्या तळाला एक जोडनळी आट्यांनी घट्ट बसवून ठेवायची असते आणि आर्बर त्या नळीत सरकून ‘टक्’ आवाजासरशी अडकतो. काम झाल्यावर कॉलर, म्हणजे बाहेरचे कडे, ओढली की अडकण सुटते आणि कप आर्बरवरून मागे, चकच्या (ड्रिलच्या जबड्याच्या) दिशेने, सरकवता येतो. चकती मात्र पायलट बिटवर, म्हणजे कपाच्या मधोमध असलेल्या बिटवर, ओवलेली असते. कप मागे जात असताना आर्बरचे तोंड तिला टेकते आणि ती दातांच्या बाहेर ढकलली जाते. स्क्रू ड्रायव्हर चकतीला एका कडेने उचकटतो, तर येथे जोर मधोमध आणि सरळ रेषेत पडतो. या उपकरणाची सगळी हुशारी एवढ्यातच आहे.

दाराच्या कामात ती लगेच जाणवते. माझ्या कपाची कापण्याची खोली सुमारे ३८ मिमी आहे आणि दार ४० मिमी जाडीचे होते. म्हणजे एका बाजूने आरपार जाणे शक्यच नव्हते. पायलट बिटचे टोक पलीकडे दिसताच थांबायचे आणि उरलेले दुसऱ्या बाजूने कापायचे ही जुनी रीत येथे पाळावीच लागते, आणि तिच्यामुळे छिद्राची कडही फाटत नाही. दुसऱ्या बाजूने शेवटचा पापुद्रा तुटला तेव्हा चकती कपात भरून बसली होती. मी बॅटरी काढली, हातमोजे घातले, कॉलर ओढून कप मागे रेटला. सुरुवातीला तो हललाच नाही. मग आर्बरचे टोक लाकडाला टेकल्याचे हाताला कळले, करकर असा आवाज झाला आणि चकती कपाबाहेर आली. तिच्या अंगावर तपकिरी, किंचित जळकट वलये होती आणि ती हाताला चांगलीच गरम लागत होती. ओळीने सहा दारे केली, आणि त्यांपैकी एकाच वेळी मला हातोडीच्या लाकडी दांड्याने कपाच्या पाठीवर हलकेच ठोकावे लागले.

जाहिरातीत मात्र हे सारे दोन बोटांचे काम असल्यासारखे दाखवतात, आणि तेथे माझी तक्रार आहे. चकती का अडकते हे पाहिले की कॉलर ओढून सगळे प्रश्न का सुटत नाहीत ते समजते. होल सॉचे काही दाते बाहेर, काही आत वाकवलेले असतात; त्यामुळे कापलेली चर कपाच्या पत्र्यापेक्षा रुंद होते आणि हिशेबाने चकती कपात सैल बसायला हवी. पण त्या केसभर फटीत बारीक भुसा शिरतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण कपाला ड्रिलसारख्या भुसा वर काढणाऱ्या नागमोडी खाचा नसतात. मग तो तेथेच दाबला जातो, घर्षणाने तापतो, आणि चकतीभोवती एक पाचरच तयार होते. त्यात आपण पायलट आरपार गेल्यावरही ड्रिल दाबत राहिलो, तर चकती आणखी खोल ठोकली जाते. हे एकदा घडले की आर्बर साधा असो वा लवकर सुटणारा, ताकद लागणारच.

एमडीएफवर तर हा आर्बर माझ्या दृष्टीने नापास आहे. त्याचा भुसा पिठासारखा असल्याने फट इतकी घट्ट भरते की कप मागे सरकतच नाही, आणि दोन्ही हातांनी ओढताना कॉलर पुन्हा अडकणीत बसते. यावर मला लागू पडलेला उपाय अगदीच बिनखर्ची आहे. होल सॉने आधी दोन-तीन मिमी खोल वर्तुळ कोरून घ्यायचे, मग वर्तुळाच्या आतल्या बाजूला, चरीला खेटून आणि तिला थोडी कापत, ८ ते १० मिमीच्या साध्या बिटने एक-दोन आरपार भोके पाडायची. ती टाकाऊ चकतीतच जातात, म्हणून छिद्राची कड बिघडत नाही. नंतर होल सॉ चालवला की भुसा चरीतून फिरत या भोकांपाशी येतो आणि खाली गळून पडतो. कापणे वेगाने होते, दाते कमी तापतात, आणि चकती इतकी मोकळी राहते की आर्बरची करामत वापरण्याची फारशी गरजच पडत नाही. आठ महिन्यांच्या वापरातून निघालेले माझे मत असे की आर्बरवर खर्च करण्याआधी ही भोके पाडून पाहावीत.

कप कसा आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. माझ्या संचातील कपांना लांब, पायरीसारख्या खाचा आहेत. चकती खोल असो वा दातांजवळ, स्क्रू ड्रायव्हरला टेकू मिळतो. जुन्या कपांना एकच गोल भोक होते आणि चकती नेमकी त्याच्या वर किंवा खाली अडकायची. लाकडाची चकती कशालाच दाद देत नसेल, तर तिच्यात समोरासमोर दोन लांब स्क्रू आळीपाळीने पिळत जावे. स्क्रूची टोके कपाच्या तळाला टेकली की पुढे प्रत्येक फेऱ्याला चकती आपोआप वर उचलली जाते, जणू दोन छोटे जॅक लावले आहेत. स्क्रूचे टोक तळातील खुंट्यांच्या भोकात मात्र जाऊ देऊ नये, नाहीतर ते पलीकडे निघते आणि चकती जागची हलत नाही. संचासोबत पायलट बिटवर बसवायची स्प्रिंगही आली होती. पातळ प्लायवर ती चकती बाहेर टाकते हे खरे, पण जाड लाकडात ती पूर्ण दबून कपाची आधीच अपुरी खोली आणखी कमी करते. मी ती काढून खणात टाकली आहे.

पत्र्याची गोष्ट निराळी आहे. तेथे भुसा नसतो. पायलटच्या भोकाची कड उमटून येते आणि चकती बिटच्या नागमोडी खाचांत अडकते, म्हणून ती ओढण्याऐवजी नटासारखी फिरवत काढावी लागते. कप मागे सरकवल्यामुळे तिला पकडीने धरायला मोकळी जागा मिळते, हा या आर्बरचा फायदा येथेही आहेच. मात्र वेग आवाक्यात ठेवावा लागतो: साध्या पोलादात २५ मिमीच्या कपाला मिनिटाला सुमारे ३५० फेरे पुरतात, ७६ मिमीच्या कपाला ११५, आणि स्टेनलेस असेल तर त्याच्या निम्मे. बहुतेक जण ड्रिल पूर्ण वेगाने सोडतात, तेल घालत नाहीत, आणि मग दाते जळाले की कपाला दोष देतात.

उणिवा सांगायच्या तर जोडनळीत कपाला किंचित खेळ राहतो. लाकडात तो जाणवत नाही. पत्र्यावर सुरुवातीला कप थरथरतो आणि छिद्र नावाच्या मापापेक्षा थोडे मोठे पडते. आर्बर लांब असल्याने अरुंद कपाटाच्या आत ड्रिल आडवे बसत नाही. कप बदलण्याची सोय प्रत्येक कपाला स्वतंत्र जोडनळी असेल तरच खरी, आणि माझ्या संचात त्या दोनच आल्या. शिवाय नळी कामाच्या जोराने आट्यांवर अशी आवळली जाते की ती सोडवायला शेगडा आणि पान्हा दोन्ही लागतात. बसवताना आट्यांना ग्रीसचे बोट लावले, तर हा त्रास बराच कमी होतो.

५४ आणि ३५ मिमीच्या कपांवर या दोन नळ्या मी कायमच्या बसवून ठेवल्या आहेत, कारण या दोन मापांचीच छिद्रे मला नेहमी लागतात. १९ मिमीचा कप पुन्हा जुन्या साध्या आर्बरवर गेला आहे. एवढ्या लहान कपात आर्बरचे तोंड चकतीला टेकायला आत शिरतच नाही, आणि तिच्यासाठी खाचेतून घातलेला एक बारीक खिळा पुरतो.