जॉर्डन, सलीम-जावेद की एमी: आठ-दहा जण जमल्यावर नक्की काय लावायचं

नाशकात इंदिरानगरच्या मामेभावाकडे या शनिवार-रविवारी सगळे जमणारेत. त्याने मला तीन डॉक्युमेंटऱ्यांची नावं पाठवून विचारलंय की यातली कुठली लावू, का सगळ्याच नुसत्या आरत्या आहेत? आरत्या आहेत रे, दोन तर नक्कीच. आणि सीबीएसपासून द्वारकेपर्यंत वाढदिवसाचे फ्लेक्स बघत मोठे झालेलो आपण, एकतर्फी कौतुक आपल्याला काय नवीन आहे का. तरी आरतीआरतीत फरक असतो.

मी मागे एका संस्थेच्या साहेबांच्या अमृतमहोत्सवी गौरव अंकाची प्रुफं वाचली होती. चाळीसेक लेख, प्रत्येकात साहेब दूरदृष्टीचे. फक्त एका रिटायर शिपायाने लिहिलेलं की साहेब हट्टी, एकदा चिडून माझ्या अंगावर फाइल फेकली आणि संध्याकाळी घरी येऊन चहा पिऊन गेले. अंक छापून आला तर 'हट्टी'चं 'ठाम' झालेलं आणि फाइल गायब. अख्ख्या अंकात जिवंत माणूस तेवढाच भेटला होता, तोच कापला. तेव्हापासून असलं काही बघायला बसलो की मी आधी ती फाइल शोधतो, ठेवलीये की उडवलीये.

'द लास्ट डान्स' (२०२०, १० भाग) मध्ये फाइल ठेवलीये. आता हे लक्षात घे की अमेरिकेतला बास्केटबॉलचा सुपरस्टार मायकल जॉर्डन याची स्वतःची कंपनी यात भागीदार आहे, आणि त्याच्या शिकागो बुल्स टीमच्या १९९७-९८ च्या सीझनचं जे आतलं शूटिंग आहे ते त्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नव्हतं म्हणून वीसेक वर्षं तसंच पडून होतं, म्हणजे चावी कोणाच्या खिशात होती ते कळलंच. तरीपण प्रॅक्टिसमध्ये त्याने टीममधल्याच स्टीव्ह कर याला ठोसा मारला ते यात आहे, टीममधल्यांना तो किती छळायचा तेही आहे, आणि सातव्या भागाच्या शेवटी त्यावरच बोलता बोलता त्याचे डोळे भरतात आणि तो चक्क 'ब्रेक' म्हणून कॅमेरा थांबवायला लावतो. हे फ्लेक्सवर दिसत नाही.

पण लबाडी कुठे आहे ते सांगतो. दुसरा कोणी काय बोलला ते जॉर्डनच्या हातात टॅबलेट देऊन दाखवतात आणि मग त्याचं उत्तर येतं, म्हणजे शेवटचा शब्द कायम साहेबांचा. समोरच्या टीमचा गॅरी पेटन म्हणतो की १९९६ च्या फायनलमध्ये मी त्याला दमवलं, तर हा ते बघून खो खो हसतो आणि आपणही हसतो, पेटनचं म्हणणं तिथेच संपलं. आणि सगळ्यात मोठा व्हिलन कोण, तर टीमचा मॅनेजर जेरी क्रॉस, जो २०१७ लाच वारला. तो कुठे येणार उत्तर द्यायला. जॉर्डनच्याच टीममधला स्कॉटी पिपेन नंतर या मालिकेवर भडकला होता ते उगाच नाही.

'अँग्री यंग मेन' (२०२४, ३ भाग) तर घरचंच कार्य. सलीम-जावेदवर सिनेमा आणि निर्माते कोण, तर सलमान, फरहान, झोया. बापाचा सत्कार पोरांनी केला तर त्यात फाइल कुठून येणार! सगळ्यांना एकच प्रश्न असतो की एवढी जमलेली जोडी १९८० च्या दशकाच्या सुरवातीला फुटली का, आणि नेमकं तिथेच सगळे गोड बोलून पुढे सरकतात. बाकी मोठमोठे स्टार येऊन कौतुक करून जातात, ते फॉरवर्ड केलं तरी चालेल. पण जावेदसाहेब उपाशी दिवसांबद्दल बोलतात तो भाग बघच. आजही हॉटेलात नाश्त्याची ट्रॉली आली की वाटतं हे आपल्यासाठी नाहीच, असं सांगताना त्यांना रडू येतं. तेवढ्या पाच मिनिटांसाठी मी बाकीचं माफ केलं.

तिसरी 'एमी' (२०१५), आसिफ कपाडियांची, एमी वाइनहाउस या लंडनच्या गायिकेवर, जी २०११ मध्ये २७ व्या वर्षी गेली. या सिनेमाला ऑस्करपण आहे. इथे सोफ्यावर बसून बोलणारे जवळपास नाहीतच, मित्रमैत्रिणींचे नुसते आवाज येतात आणि वर जुने घरगुती व्हिडिओ. फाइलीच फाइली. पण म्हणून ही निःपक्ष समजू नकोस हां, तिच्या वडलांनी सुरवातीला साथ दिली आणि सिनेमा बघितल्यावर जाहीर विरोध केला, म्हणाले मला खलनायक केलंय. आरती नसली तरी एडिटिंग टेबलावर कोणीतरी बाजू घेतलेलीच असते. मला तरी तिघींत हीच सगळ्यात जास्त लक्षात राहिली, आणि दोन दिवस नीट झोप नाही.

आता तुझं. तू एकटा असतास तर डोळे झाकून 'एमी' म्हणालो असतो, पण सकाळी मिसळ चापून, पोरंबाळं घेऊन बसलेल्या लोकांना ती दाखवू नकोस, मूडची वाट लागेल आणि विषयही दारू-ड्रग्जचा. मामा-मामी 'दीवार', 'शोले' थिएटरात बघितलेले, त्यांच्यासाठी शनिवारी सलीम-जावेद लाव, तीनच भाग आहेत, जेवणाआधी संपेल. जॉर्डनचे दहा भाग दोन दिवसांत होणार नाहीत, त्यामुळे रविवारी पहिले दोन आणि थेट सातवा-आठवा. गोष्ट तशीही मागेपुढे उड्या मारत सांगितलीये, फार काही चुकत नाही. फक्त जॉर्डन कोण ते मामांना आधीच सांगून ठेव, नाहीतर दर पाच मिनिटांनी पॉज करायला लावतील.