नवी हरित इमारत की जुन्या इमारतीचे नूतनीकरण?

शहराच्या मध्यवर्ती भागात पर्यावरणस्नेही कार्यालय हवे असेल, तर नवी इमारत बांधावी की उभी असलेली सुधारावी, हे अमेरिकेतील दोन इमारतींवरून नीट पारखता येते.

सिॲटलचे सहा मजली बुलिट सेंटर २२ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे वसुंधरादिनी, खुले झाले. लाकडी सांगाडा, भिंतींच्या बाहेर छज्जासारखे पसरलेले सौरपॅनेलांचे छत आणि जमिनीत सुमारे ४०० फूट खोल गेलेल्या २६ विंधणविहिरींतून मिळणारी ऊब, यांच्या जोरावर वर्षभरात लागेल तेवढी वीज स्वतःच निर्माण करण्याच्या उद्देशाने ही इमारत बांधली गेली.

न्यूयॉर्कच्या १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने वेगळी वाट धरली. तिच्या सुमारे ६,५०० खिडक्या भंगारात न काढता इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत नेण्यात आल्या. तेथे काचा सोडवून, स्वच्छ करून, त्यांच्यामध्ये पातळ फिल्म ताणून आणि पोकळीत उष्णतारोधक वायू भरून त्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या गेल्या. खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमागे उष्णता आत परतवणारे अस्तरही लावले. एकूण ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट होते.

स्वतःची वीज निर्माण करण्यात उंच मनोऱ्याला बुलिटची बरोबरी करता येणार नाही, कारण मजल्यांच्या मानाने त्याचे छत फारच लहान असते. तरीही मला दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. पोलाद, सिमेंट आणि विटा तयार करतानाच प्रचंड कार्बन बाहेर पडतो, आणि धडधाकट इमारत पाडली की तो सारा वाया जातो. भूखंड मोकळाच असेल, तर मात्र बुलिटचाच कित्ता गिरवावा.