डीबीएसचे ९ महिने : हात परत मिळाला, आवाज मात्र नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात माझा हळदीचा व्यापार. नमुना हातात घेतला की हळकुंडं तळहातावरून खाली पडायची, इतकी थरथर. पार्किन्सनला ११ वर्षं झालेली. लेव्होडोपाची गोळी दिवसातून ६ वेळा. चढली की अंग वळवळायचं, उतरली की खुर्चीतून उठवत नसे. शेवटी पुण्याला डीबीएस करून घेतलं, म्हणजे मेंदूत तारा घालून विजेची हलकी स्पंदनं देणारं यंत्र बसवायचं ऑपरेशन.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. डोक्याला फ्रेम लावून, जागं ठेवूनच मेंदूत तारा घातल्या. मधूनमधून मूठ उघडमीट करायला लावत होते. छातीतली बॅटरी भूल देऊन बसवली.

खरी परीक्षा नंतर. पहिले आठ-दहा दिवस यंत्र बंद असूनही थरथर गायब! तार घालताना त्या जागी आलेल्या सुजेमुळे असं होतं. सूज ओसरली, हात पुन्हा हलू लागला आणि घरात सगळ्यांचा धीर सुटला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री बायको रडली नसती.

महिन्याने यंत्र चालू केलं, सेकंदाला १३० स्पंदनं. पण सेटिंग जुळायला पुण्याच्या ४ फेऱ्या आणि ५ महिने गेले. करंट वाढवला की हात शांत, पण जीभ जड. माझ्या तारेच्या टोकाला ४ कॉन्टॅक्ट आहेत, म्हणजे करंट सोडायच्या जागा. दुसरा निवडला तेव्हा कुठे शब्द सुटे झाले.

गोळ्या आता ३. नमुना मीच दाखवतो. आवाज मात्र बारीक झाला तो झालाच; सौद्यात मुलगा बोलतो. याचं मला फार वाईट वाटतं. गोळीने जे सुधारतं, साधारण तेच यंत्राने सुधारतं. आवाज आणि तोल त्यात धरू नका.

गोळ्या कमी केल्यावर तीन आठवडे नुसता बसून असायचो, पेपरही उघडावासा वाटेना. मला कळलंच नाही. बायकोने डॉक्टरांना फोन केला, डोस थोडा वाढवला, मग सावरलो.

बॅटरी चार्जिंगची आहे. आठवड्यातून एकदा छातीवर चार्जर ठेवून तासभर बसतो, त्याचा त्रास नाही. डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी अंगात खोलवर दिलेला शेक मात्र कधीही घेऊ नका. खांदा दुखतो म्हणून फिजिओकडे गेलो होतो, मशीन लावणार तोच यंत्र बसवल्याचं कार्ड दाखवलं. त्या लहरींची ऊर्जा तारेवाटे मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकते. एमआरआयच्या आधीही कार्ड दाखवाच.

पुढची फेरी दिवाळीनंतर. रिमोटवर कमी करंटचा दुसरा प्रोग्रॅम मागणार आहे. सौद्याच्या वेळेपुरता हात थोडा हलला तरी चालेल.