तीनदा वारलेले वडील

त्या मुलाचे वडील माझ्या माहितीप्रमाणे तीनदा वारले आहेत. एप्रिलमध्ये सीवूड्सला वारले तेव्हा ते मर्चंट नेव्हीत होते. मे महिन्यात पनवेलला वारले तेव्हा चित्रकलेचे शिक्षक होते. जुलैत वाशीला माझ्या वाट्याला आले तेव्हा केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले होते. मुलगा मात्र तिन्ही वेळा एकच. तीस-बत्तीसचा, चष्मेवाला, मऊ बोलणारा, आणि बाबांचं नाव निघालं की घसा दाटून येणारा. मी त्याला साडेअठरा हजार देऊन आलो. ठाणे-नवी मुंबईत जे कोणी प्लॅस्टिकची मॉडेलं करतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण गडी अजून फिरतो आहे.

मी नौपाड्यात राहतो. गॅलरी बंद करून घेतली आहे, तिथे एक टेबल, दोन दिवे आणि माझी विमानं. हा नाद वीस वर्षांचा. घरच्यांच्या भाषेत, ‘बाबांचं ते चिकटवायचं काम’. त्यात मिग-२१ माझ्यासाठी जरा खास. मामा ओझरला एचएएलमध्ये होता. मिग-२१ तिथे बनायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो की डोक्यावरून जायची. कानात बोटं घालून बघत उभं राहायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त होणार, अशी बातमी जुलैत आली आणि मला वाटलं की आता मोठं, १/४८चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढं एक झालंच पाहिजे.

नेमकी त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्ट आली. ‘बाबांचं कलेक्शन योग्य हातात जावं एवढीच इच्छा.’ खाली फोटो. एड्युअर्ड कंपनीचा १/४८ मिग-२१ बिसचा न जोडलेला संच, प्रोफीपॅक, म्हणजे रंगीत धातूच्या पत्र्याचे बारीक भाग आणि काचेवर लावायचे मास्क ज्यात असतात तो. वरून प्लॅस्टिकचं पातळ वेष्टण घट्ट ओढलेलं. तामिया कंपनीच्या मॉडेलच्या रंगांच्या बत्तीस बाटल्या. छोटा कंप्रेसर, ०.३ मिमी नोझलची एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन. शेवटचा फोटो वडिलांच्या टेबलाचा होता: दिवा, भिंग, अर्धवट रंगवलेलं एक विमान, मागे भिंत. त्या फोटोने मी गेलो. माझ्या टेबलाचा माझ्या मागे असाच फोटो कोणीतरी टाकेल, असं मनात आलं. आणि जो माणूस असा विचार करायला लागतो, तो भाव करत नाही.

फोनवर त्याने एकदाही घाई केली नाही. उलट म्हणाला, ‘काका, तुम्ही खरंच करणार ना? नुसतं विकायला घेणार असाल तर नको.’ आता सांगा, असं म्हणणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? टोकन म्हणून हजार रुपये यूपीआयने मागितले. पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर म्हणाला मावशीचं खातं आहे, बाबांचं बँकेत अडकलंय, वारसाचे कागद चालू आहेत, म्हणून बाकीचे रोख आणाल तर बरं. वारसाच्या कागदांसाठी बँकेत खेटे आपणही घातलेले असतात. मी मान डोलावली. फोनवर मान डोलावून काय उपयोग, पण डोलावली.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी ठाण्याहून वाशी लोकल पकडली. धो धो पाऊस. वाशी स्टेशनच्या आवारात तो आधीच उभा होता, दोन पिशव्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं खोकं घेऊन. मी अगदीच बावळट नाही. बाटल्यांच्या ट्रेमधली एक काढली, झाकण फिरवलं, वास घेतला. तामियाच्या ॲक्रिलिकला स्पिरिटसारखा वास असतो, तो आला. शेजारची उघडली, तीही बरोबर. झाकणांच्या कडेला वाळलेल्या रंगाचे पापुद्रे होते, आणि त्या पापुद्र्यांनीच मला गार केलं. वापरलेल्या बाटल्या, म्हणजे वापरणारा कोणीतरी होता! खोकं हलवून पाहिलं. आत भरलेलं होतं, वजन ठीक. तो म्हणाला, ‘काका, वेष्टण फाडायचं असेल तर फाडा, पण बाबांनी ते मुद्दाम ठेवलं होतं.’ मी फाडलं नाही. साडेसतरा हजार मोजून दिले. तो वाकून पाया पडला हो! स्टेशनच्या ओल्या फरशीवर.

घरी आल्यावर तरी उघडायला हवं होतं, हे तुम्ही म्हणणार. बायकोही म्हणाली, ‘अहो, बघा तरी काय आणलंत.’ पण आमच्यात एक खोड असते. खोकं घ्यायचं, कपाटावर ठेवायचं आणि सवडीने करू म्हणायचं. माझ्याकडे न उघडलेली चौदा खोकी आहेत, त्यातलं एक मुलीच्या जन्माआधीचं आहे. शिवाय पावसाळ्यात मी एअरब्रश हातात घेत नाही. हवा दमट असली की लॅकर, म्हणजे थिनरमधला झटपट वाळणारा रंग, वाळताना ओल धरतं आणि काळ्या चकचकीत पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. त्यामुळे ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, चंदीगडचा समारंभ टीव्हीवर बघितला, दिवाळीही झाली. खोकं कपाटावर. त्या मुलाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा सगळा धंदाच आमच्या त्या कपाटावर उभा आहे.

नोव्हेंबरात पहिली गरज लागली ती काळ्या रंगाची. माझं एक हंटर विमान अर्धं झालेलं होतं, त्याला धातूची चमक द्यायची होती, आणि त्यासाठी आधी खाली चकचकीत काळा द्यावा लागतो. नव्या ट्रेच्या मागच्या रांगेतली एक्स-१ची, म्हणजे तामियाच्या चकचकीत काळ्याची बाटली घेतली. नेहमीप्रमाणे एअरब्रशच्या कपात थोडा रंग, त्यावर लेव्हलिंग थिनर, म्हणजे लॅकरचं थिनर. तामियाचं ॲक्रिलिक लॅकरच्या थिनरमध्ये लोण्यासारखं मिसळतं, हे मी शेकडो वेळा केलंय. या वेळी कपात डोकावलो तर चोथा! नासलेल्या दुधासारख्या काळ्या गुठळ्या आणि त्यांच्या बाजूने सुटलेलं गढूळ पाणी. तरी हात थांबला नाही, ट्रिगर ओढला गेला. नोझल फुत्कारलं आणि हंटरच्या डाव्या पंखावर राळेसारखा एक गोळा जाऊन बसला. पुसायला गेलो तर खालचा प्रायमरही निघाला.

तो रंग म्हणजे मुलांच्या हस्तकलेचा, पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक. स्टेशनरीच्या दुकानात मोठ्या बाटलीत मिळतो तोच. जुन्या तामियाच्या बाटल्या गोळा करायच्या, त्यात हा भरायचा, झाकणाच्या कडेला खऱ्या रंगाचा पापुद्रा ठेवायचा. बत्तीसपैकी समोरच्या रांगेतल्या आठ खऱ्या, बाकी चोवीस पोस्टर कलर म्हणा ना. मला एक बाटली साधारण दोनशेच्या आसपास पडते. हिशोब तुम्हीच करा.

मग खोकं उतरवलं. वेष्टण नखाने फाटलं. दुकानातलं असतं तसं ते नव्हतंच; श्रिंक फिल्मचा रोल आणि गरम हवा एवढ्यावर कोणीही घरी बसून ते ओढू शकतो, हे मला नंतर कळलं. सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात; आत वर पंखांची चौकट होती, अगदी अस्सल. धडाचे दोन भाग होते. त्यांच्या खाली राखाडी प्लॅस्टिकच्या दोन चौकटी, आणि त्यावर रणगाड्याची चाकं. मिग-२१ ला रणगाड्याची चाकं! काचेची चौकट नाही. धातूचा पत्रा नाही, मास्क नाहीत. वजन बरोबर लागायला जेवढं हवं तेवढंच सगळं.

डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या आकड्या-चिन्हांचा कागद मात्र होता, आणि सगळ्यात वाईट मला त्याचंच वाटलं. सवयीने त्यातला एक बारीकसा आकडा कापला, कोमट पाण्याच्या बशीत सोडला. अर्ध्या मिनिटात डेकल कागदावरून सरकायला हवं. मिनिट झालं, दोन झाली. कागद फुगला, शाई निळसर होऊन पाण्यात उतरली, चिमट्याने उचलायला गेलो तर लगदा हातात आला. चकचकीत कागदावर इंकजेटने काढलेली रंगीत प्रिंट होती. मुलगी मागे उभी होती. ती काही बोलली नाही, बशी उचलून घेऊन गेली.

त्याचा नंबर बंद होता. ग्रुपमधून तो ऑगस्टातच निघून गेला होता. मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं तेव्हा डोंबिवलीच्या एकाने मला वेगळा मेसेज केला, ‘अरे, मर्चंट नेव्हीवाले का?’ आणि त्याच्या ओळखीने पनवेलचा तिसरा सापडला. तिघांपैकी एकानेही त्याआधी तोंड उघडलं नव्हतं. डोंबिवलीकराने बाटल्या खराब निघाल्यावर आपणच नीट बंद ठेवल्या नाहीत असं समजून फेकून दिल्या होत्या. पनवेलकराचं खोकं तर मी फोन केला त्या दिवशीही उघडलेलं नव्हतं. माझ्याशी बोलता बोलता त्याने उघडलं, आणि मग बराच वेळ फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

१९३० वर फोन केला. सायबर फसवणुकीसाठीचा हा नंबर आहे, पण त्याचा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या केला तर, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत ती अडवता येते. मी चार महिन्यांनी फोन करत होतो, आणि यूपीआयने गेले होते फक्त हजार. टोकन ऑनलाइन आणि बाकी रोख ही त्याची रीत किती विचार करून ठरवलेली होती ते तेव्हा लक्षात आलं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. चारशेवीस म्हणायची आपली सवय, पण १ जुलै २०२४ पासून तो आकडा गेला, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. तिघांनी मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा जड पडतो, एवढं मात्र पाहिलं. मावशीचं म्हणून जे खातं होतं ते डोंबिवलीकराच्या टोकनलाही तेच निघालं. पुढे काय होतं ते बघू.

आता मी जुन्या मालाला हात लावतो तेव्हा समोरच्याला सरळ सांगतो, वेष्टण फाडणार. नाही म्हणाला तर परत फिरतो. माहितीपत्रकाच्या सुरुवातीला कुठल्या अक्षराच्या चौकटी आहेत त्याचा नकाशा असतो, तो उघडा ठेवून एकेक चौकट मोजायची. आधी काच, मग पत्रा. डेकलचा कागद उजेडात तिरका धरायचा. खऱ्या डेकलच्या भोवती पातळ फिल्मची कड चमकते, प्रिंट सपाट दिसते. रंगांसाठी खिशात लॅकर थिनरची छोटी बाटली आणि पांढऱ्या टाइलचा तुकडा घेऊन जातो, आणि बाटली मागच्या रांगेतली उचलतो. वाशी स्टेशनवर टाइलवर रंग ढवळणारा पन्नाशीचा माणूस विचित्र दिसतो. दिसू दे.

कंप्रेसर मात्र आजही ठणठणीत चालतो. हे मला अजून उलगडलेलं नाही.

वडिलांच्या टेबलाचा तो फोटो मी जपून ठेवला होता. डिसेंबरात मुलगी मोबाइलवर तो बघत होती. म्हणाली, ‘बाबा, यांच्याकडे प्लग असा कसा?’ दिव्याच्या मागे भिंतीवर प्लग पॉइंट होता, दोन उभ्या चपट्या खाचांचा. अमेरिकेत, जपानात असतो तसा. आपल्याकडे तीन गोल भोकं. नवी मुंबईच्या घरात तो कुठून येणार? मी त्या फोटोकडे जुलैत निदान पन्नास वेळा पाहिलं असेल. दिवा पाहिला, भिंग पाहिलं, विमानाचा रंग कसा दिलाय तेही पाहिलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर नवी पोस्ट आली. या वेळी भाचा आहे आणि मामा वारले आहेत. टेबलाचा फोटो तोच, फक्त उजव्या बाजूने कापलेला. प्लग दिसत नाही. मी दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला, डेकलचा कागद उजेडात तिरका धरून एक फोटो पाठवाल का? दोन निळ्या टिका आल्या. थोड्या वेळाने त्याचा डीपी दिसायचा बंद झाला.