पीयू पॉलिशच्या नावाखाली 43,780 रुपयांना फसवलं

दोन दरवाजे, डायनिंग टेबल, कपाटाची दारं आणि झोपाळ्याची पाटी. सगळं अस्सल सागवान. त्याला पीयू (पॉलियुरेथेन, टिकाऊ आणि महागडं) पॉलिश करून घ्यायचं म्हणून मी 43,780 रुपये मोजले आणि लाकडावर आलं साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, तेही जुनं पॉलिश न काढता त्याच्यावरच मारलेलं. लिहितानाही हात थरथरतोय, पण लिहितेय, कारण हा माणूस आज कुणाच्या तरी दुसऱ्या घरी काम करत असणार.

घरात कार्य होतं, वीस दिवस हातात होते. नेहमीचा सुतार गावी गेलेला. ओळखीतल्यांनीच या पॉलिशवाल्याचं नाव दिलं, त्यांच्याकडचं कपाट मी स्वतः पाहिलं होतं, छान चमकत होतं. (नवं पॉलिश पहिले दोन महिने सगळंच चमकतं, हे आता कळलं.) दर ठरला 190 रुपये चौरस फूट. त्याने एकट्याने टेप लावला, 212 फूट सांगितले, 40,280 रुपये झाले. वर ‘अक्रोड शेडचा स्पेशल स्टेन’, म्हणजे लाकडाला द्यायचा रंग, म्हणून 3,500. पंचवीस हजार यूपीआयने आगाऊ दिले, उरलेले 18,780 शेवटच्या दिवशी रोख. रोखीची पावती नाही. मागितली होती, ‘ताई, उद्या आणून देतो’ म्हणाला.

नंतर मी स्वतः मोजलं, 164 फूट. म्हणजे 48 फूट हवेतले, नुसत्या मापातच 9,120 रुपये गेले. टेपचं एक टोक तुमच्या हातात असल्याशिवाय माप लिहू देऊ नका.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. लाकडाचं असं पीयू बहुधा दोन डब्यांचं असतं, बेस (मूळ पॉलिश) आणि हार्डनर (ते कडक करणारं रसायन). दोन्ही एकत्र केल्याशिवाय ते दोन डब्यांचं पीयू पक्कं होतच नाही, आणि एकदा मिसळलं की ठरलेल्या तासांत संपवावं लागतं, नाहीतर भांड्यातच घट्ट होऊन वाया जातं. हे डब्यावर छापलेलं असतं. मी वाचलंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि आदल्या संध्याकाळचं उरलेलं मटेरियल त्याच मगमधून, थोडं थिनर घालून, पुन्हा मारायला लागला. रात्रभर राहिलेलं मटेरियल पाण्यासारखं पातळ! मी चहाचा कप हातात घेऊन समोर उभी होते. आणि हार्डनरचा डबा? तो दरवाजाला अटकाव म्हणून लावला होता, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. जाता-येता पायात येतो म्हणून मीच तो उचलून बाजूला केला. जड होता, गच्च भरलेला, झाकणाचं पत्र्याचं सील जसंच्या तसं. दुसरा दिवस, दोन हात मारून झालेले, आणि हार्डनरचं सील फुटलेलं नाही. हे सगळं माझ्या हातात होतं, अक्षरशः हातात, आणि मी डबा भिंतीकडे सरकवून स्वयंपाकघरात गेले.

मी मूर्ख नाही. त्या आठवड्यात घरात पाहुणे, सासूबाईंची तब्येत, बाजारहाट, सगळं माझ्यावर होतं. विचारलंही होतं की जुनं पॉलिश खरवडलं का. ‘पेपर मारलाय ना ताई’ म्हणत त्याने धूळ दाखवली. धूळ 320 नंबरच्या बारीक पॉलिशपेपरनेही निघते, तेवढ्याने जुनं पॉलिश निघत नाही. उघडं लाकूड डोळ्यांनी दिसल्याशिवाय स्टेन लावू देऊ नका. स्टेन लाकडात मुरायला हवा. याने रंग लॅकरमध्येच कालवून वर फवारला, म्हणून किल्ली जरा घासली की रंग जातो आणि खालचा फिकट पट्टा दिसतो.

सातव्या आठवड्यात टेबलावर गरम पातेलं दोन मिनिटं टेकलं आणि पांढरं वर्तुळ उमटलं. मग सॅनिटायझरचे थेंब पडले, तिथे बोट चिकटायला लागलं. हे टेबल बाबांनी लाकूड निवडून करून घेतलेलं. तोवर आमचा सुतार परतला होता. त्याने टेबलाच्या खालच्या बाजूला थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरला. उचलला तर पॉलिश चिकचिकीत, आणि बोळा तपकिरी. पुरतं वाळलेलं पीयू असं थिनरने विरघळत नाही, एनसी लॅकर विरघळतं. शेवटचा हप्ता देण्याआधी, शेवटचा हात मारून आठवडा झाल्यावर, दिसणार नाही अशा जागी हे एवढं करून बघा. फार तर त्या जागी डाग पडेल.

फोन केला. पहिल्यांदा ‘तुम्ही वापर नीट केला नाही’, दुसऱ्यांदा ‘बघतो’, तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक.

पोलीस चौकीत तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा दीड तास बाकड्यावर बसवून ‘करारनामा आहे का’ विचारलं. तिसऱ्यांदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पॉलिश तर केलंय ना? मग ही दिवाणी बाब आहे.’ साधा तक्रार अर्ज घेऊन पोच द्यायलाही तयार नाहीत. एक माल सांगून दुसरा लावला, मापात 48 फूट वाढवले, आणि फसवणूक नाही? डब्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिथे कळवलं तर बॅच नंबर मागितला. डबे तो रिकामे म्हणून घेऊन गेलेला, नंबर आणू कुठून? वर उत्तर असं की कारागिराने काय लावलं त्याला आम्ही जबाबदार नाही. एका तक्रार केंद्रावर अर्ज केला, तो ‘समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर मी आले होते! प्रत्येक ठिकाणी मलाच विचारणा, मीच कागद आणायचे, मीच सिद्ध करायचं. त्याला कुणी एक फोन केला नाही.

म्हणून सांगते, डबे तुमच्यासमोर फुटले पाहिजेत. बेस आणि हार्डनर दोन्ही. सील, बॅच नंबर, तारीख यांचे फोटो काढा, आणि रिकामे डबे घरातच ठेवून घ्या, तुम्ही पैसे दिलेत त्यांचे. मटेरियल शक्य असेल तर स्वतः बिलाने आणा. व्हॉट्सअॅपवर ‘पीयू, इतके हात, इतके फूट’ एवढं तरी त्याच्याकडून लिहून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही, तक्रार केंद्रावरही नाही.

आता सुताराने सगळं पॉलिश काढून, लाकूड उघडं करून नव्याने पीयू मारलंय. खरवडून नव्याने करायचे 164 फुटांचे 36,900 रुपये. एकाच लाकडावर 80,680 रुपये. या वेळी मिसळताना मी शेजारी स्टुलावर बसले होते, उरलेलं मटेरियल मगमध्ये तसंच ठेवायला सांगितलं. सकाळी तो मग उलटा केला, थेंब पडला नाही. आठवडाभर टेबलावर काही ठेवायचं नाही, पुसायचं ते ओल्या फडक्याने आणि लगेच कोरडं. चमक आणणारे सिलिकोनचे स्प्रे मारू नका, पुढच्या वेळी नवा हात त्यावर नीट बसत नाही, खड्डे पडतात.

त्या दुसऱ्या दिवशी मी भावाला ‘बघ, काम सुरू झालं’ म्हणून फोटो पाठवला होता. परवा मोठा करून पाहिला. कोपऱ्यात दाराशी तो डबा आहे, सील स्पष्ट दिसतंय. फोटो छापून आयोगातल्या तक्रारीला जोडलाय. पहिली तारीख अजून मिळालेली नाही.