किचनच्या पहिल्या नोकरीसाठी सुरी: व्हिक्टोरिनॉक्स फायब्रॉक्स, ८ इंची

मुलगा किंवा मुलगी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये अगदी खालच्या पायरीवर कामाला लागली की आई-वडील हौसेने सुऱ्यांचा अख्खा सेट आणतात. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या बारा सुऱ्या दिसतात छान, पण कामावर जाते त्यातली एक, फार तर दोन. नवख्या माणसाची शिफ्ट चिरण्यात सरते आणि ते बहुतेक सगळं चिरणं ८ इंची शेफ नाईफवरच होतं. तेव्हा पैसे घालायचेच असतील तर या एका सुरीत घाला, आणि तिला धार लावायच्या दगडात.

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सची फायब्रॉक्स मुठीची, २० सेंटीमीटर पात्याची सुरी या कामासाठी आम्ही बिनदिक्कत सुचवतो. मूठ खरखरीत प्लास्टिकची असते. दिसायला ती साधीच, पण तेलकट किंवा ओल्या हातातून निसटत नाही. पातं घडवलेलं नसून पत्र्यातून कापलेलं असल्यामुळे पातळ आणि हलकं आहे. पाच-पाच तास चिरताना मनगटाला हा हलकेपणा फार मोलाचा वाटतो.

पोलाद मऊपैकी आहे, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५५-५६. महागड्या जपानी सुऱ्या ६० च्या वर असतात. त्यांची धार जास्त दिवस टिकते, पण गोठलेल्या मालावर किंवा हाडावर पातं जरा पिळलं गेलं की काठाचा टवका उडतो. मऊ पोलादाचा काठ तुटत नाही, वाकतो. वाकलेला काठ सुरीसाठीच मिळणाऱ्या स्टीलच्या सळईवर (होनिंग रॉड) पाच-सहा हलके हात फिरवले की पुन्हा सरळ होतो. शिकणाऱ्याच्या हातून सुरी पिळली जाणारच, म्हणून त्याला अशीच द्यावी.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. जड घडीव सुऱ्यांना टाचेपाशी, म्हणजे पातं मुठीला मिळतं तिथे, धातूचा जाड गठ्ठा असतो आणि बऱ्याचदा तो थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. दगडावर पातं झिजतं, गठ्ठा झिजत नाही. काही वर्षांनी टाचेजवळचा काठ फळीला टेकेनासा होतो आणि कांद्याच्या चकत्या एकमेकींना माळेसारख्या चिकटून राहतात. फायब्रॉक्सला हा गठ्ठाच नाही. टोकापासून टाचेपर्यंत सगळी धार दगडावर घेता येते.

उणिवाही आहेत. पात्याच्या पाठीच्या कडा चौकोनी आहेत. पातं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलं, म्हणजे योग्य रीतीने धरलं, की ती कड तर्जनीच्या मुळाशी रुतते. ४०० नंबरचा पाणकागद ओला करून, धार पुठ्ठ्यात नीट गुंडाळून, मुठीपासून पुढच्या दोन-तीन सेंटीमीटरवर दहा मिनिटं घासला तर कड बोथट होते. सुरी देण्याआधी एवढं काम आई-वडिलांनी जरूर करावं. दुसरी उणीव अशी की धार लवकर मंदावते. रोज शिफ्टच्या सुरुवातीला सळई आणि आठ-पंधरा दिवसांनी दगड, याला पर्याय नाही.

दगड १००० नंबरचा घ्या; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. दुसरी बाजू ३००० ची असली तर उत्तम. भिजवायचा प्रकार असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा, साधारण १०-१५ मिनिटं. खाली ओलं फडकं अंथरलं की तो सरकत नाही. कोन प्रत्येक बाजूला १५ अंशांच्या आसपास हवा. पातं टाचेशी सुमारे ५ सेंटीमीटर रुंद असतं, त्यामुळे तिथे पाठ दगडापासून साधारण १३ मिलिमीटर वर राहिली पाहिजे. एका बाजूने घासत राहायचं, ते दुसऱ्या बाजूच्या काठावर बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. बोट पाठीकडून काठाकडे फिरवायचं, काठाच्या लांबीने कधीच नाही. ती खरखर टोकापासून टाचेपर्यंत सलग आली की मगच पातं उलटायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. खरखर यायच्या आधीच ते बाजू बदलतात आणि तासभर घासूनही सुरी बोथटच राहते. दगडाला मध्ये खळगा पडला की कोन साधत नाही, तो वेळेवर सपाट करून घ्यावा लागतो.

डिशवॉशरमध्ये सुरी टाकू नये. आत ती भांड्यांवर आपटते आणि धार जाते. काच, दगड किंवा स्टीलवर चिरू नये. चिरलेलं गोळा करताना फळीवर धार घासू नये, पाठ वापरावी. ही तिसरी सवय वरवर किरकोळ वाटते, पण तिनेही धार लवकर जाते.

घरी आलेल्या लेकराचा हात एकदा उजेडात बघा. तर्जनीच्या मुळाशी घट्टा पडू लागला असेल तर पकड बरोबर बसते आहे. तळव्याच्या मधोमध फोड असेल तर मूठ आवळून जोर लावला जातोय, आणि त्याचं कारण बहुधा बोथट सुरी. बोथट सुरीने हात मंदावतो आणि हात मंद म्हणून बोलणी बसतात. पोरांना मात्र वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाही. अशा वेळी धीराच्या चार शब्दांच्या जोडीला दगड बाहेर काढा आणि शेजारी बसा.

घेण्याआधी त्यांना विचारा. हात लहान किंवा उभं राहायची जागा अरुंद असेल तर ६ इंची बरी, मोठाल्या भाज्यांचे ढीग असतील तर १० इंची. सोबत पात्याचं प्लास्टिकचं म्यान घ्या. मुठीवर रंगीत टेप गुंडाळा, कारण किचनमध्ये अशाच काळ्या मुठीच्या सुऱ्या आणखी असतात आणि शिफ्ट संपताना अदलाबदल होते.